उंबरझिरीच्या टाचण्या आणि आवजी

उंबरझिरीला निघालो तेव्हा माझ्या दप्तरात दोन याद्या होत्या. एक सोबत न्यायच्या वस्तूंची, दुसरी तिथे पोचल्यावर करायच्या कामांची. दुसऱ्या यादीत पहिलेच कलम होते ‘पाणी पाहणे’ आणि त्यापुढे मी लिहिले होते, ‘अर्धा दिवस’. आवजी भेटला आणि त्या कामाला चार महिने लागले. तरीही ते मी नीट केले असे आज म्हणवत नाही.

त्या सालांत वऱ्हाडात सगळ्यांनाच घाई होती. तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, त्यामुळे विलायतेला आमचा कापूस हवा होता. कापूस न्यायला आगगाडी हवी होती, आगगाडीला रूळ हवे होते, आणि रुळांखाली घालायला सागाच्या जाड पट्ट्या. त्या पट्ट्या पुरवायचे काम अकोल्याच्या एका ठेकेदाराने घेतले होते आणि मी त्याचा दिवाणजी होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी उंबरझिरी नावाचा नाला डोंगरातून खाली उतरतो. त्याच्या काठी त्याच नावाचे साठ-सत्तर घरांचे गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला आमच्या लाकूडतोड्यांचा तळ पडायचा होता. सव्वाशे माणसे, साठ बैल. त्यांना उन्हाळ्यापर्यंत पुरेल असे पाणी आहे की नाही, एवढेच मला पाहायचे होते.

मी मूळचा भातकुलीचा. आमच्याकडच्या विहिरी खाऱ्या. तिथे डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्यामुळे वाहते गोड पाणी दिसले की ते चांगलेच असणार, अशी माझी समजूत होती.

गावच्या पाटलाने आवजीला माझ्याबरोबर दिले. म्हणाला, “पान्याचं याले इचारा. आमी बी यालेच इचारतो. पन वाद घालू नका दिवानजी, दिवस जाते.”

आवजी साठीच्या पुढचा असावा. उंच, हाडकुळा, पाठ ताठ. थोडी काळी जमीन होती ती पुतण्या वाहत असे. हा दिवसभर नाल्यात. पायात वहाण नाही. पावलांची कातडी पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली, जणू ती पावले दुसऱ्याच कोणाची होती. डोक्याला मुंडासे, कमरेला धोतराचा खोचा, हातात काहीच नाही. गावात त्याला कोणी नेमले नव्हते, पण नाल्याचे काहीही असले की लोक त्याच्याकडे जात.

नाल्यावर पोचताच मी ओंजळ भरायला वाकलो. त्याने माझे मनगट धरले.

“थांबा.”

“काय झालं?”

“अजून कोनी आलं नाई.”

मला वाटले गावातले कोणी वडीलधारे यायचे असतील. मी एका खडकावर बसलो. ऊन झाडांमधून खाली उतरत होते. ते पाण्यातल्या दगडांवर पोचले आणि दोन-चार श्वासांत एका दगडाच्या टोकावर काहीतरी येऊन बसले. चतुर सगळ्यांच्या ओळखीचा असतो, जाड डोक्याचा आणि पंख पसरून बसणारा. टाचणी त्याच्याच जातीची, पण सुईसारखी बारीक. बसली की पंख पाठीवर मिटून घेते. ही टाचणी काळी होती आणि काळ्यावर कुंकू सांडल्यासारखी लाल. उन्हात तिच्या पंखांची टोके घासलेल्या तांब्यासारखी लखलखली. लगेच दुसरी आली, तिने पहिलीला हुसकावले, मग तिसरी.

“बसली,” आवजी म्हणाला. “आता प्या.”

मी प्यालो. पाणी थंड होते, एवढेच मला कळले.

त्या दिवशी त्याने मला टाचण्यांचे चार प्रकार दाखवले. मी ते तिथेच लिहून घेतले. निळी कुठेही बसते, म्हशीच्या डबक्यावरसुद्धा, तिचा भरवसा धरायचा नाही. पिवळीला तो ‘हयदीची’ म्हणे. ती काडीच्या टोकावर बसते, ती असली तर पाणी वाहते आहे, पण फाल्गुनानंतरचे सांगता येत नाही. हिरवी पंख मिटून बसली तर मातकट दिसते आणि उघडले की मोरासारखी झळकते. ती असली तर वरची सावली शाबूत आहे. आणि लाल, ‘कुकवाची’, जिथे दगडांवर भांडते तिथले पाणी बारमाही, धावते आणि निर्मळ. त्याला डोळे मिटून तोंड लावावे.

“लिवा, लिवा,” माझी लेखणी पाहून तो म्हणाला. “वारा बी लिवून घ्या वहीत.”

त्याने सांगितले त्याच जागी तळ घातला आणि आमच्या सव्वाशे माणसांत त्या हंगामात एकाचेही पोट बिघडले नाही. बाकीच्या तळांवर काय हाल होते ते मला ठाऊक होते. म्हणून मी त्याचे ऐकू लागलो.

पाणी चांगले आहे असे आवजी कधीच म्हणत नसे. तो म्हणे, “बसली हाय.” सकाळी घाटावर घागरी घेऊन आलेल्या बाया त्यालाच विचारत, “काहो आवजीबाबा, बसली का?” तो वरून, नाल्यातूनच चालत येत असायचा. काठाने तो चालत नसे. नेहमी अशा अंगाने चाले, की त्याची सावली बसायच्या दगडांवर पडू नये. माझी पडली की ओरडे, “हे बह्याड! सावली उचला तुमची!” दिवाणजीला बह्याड, म्हणजे खुळा, म्हणणारा त्या मुलखात तो एकटाच. मला आधी राग येई. मग सावली कुठे पडते ते मी पाहू लागलो.

दुसरी खोड दगडांची. पाण्यातला दगड तो हलकेच उचलून त्याची खालची बाजू दाखवी. तिथे चिकटलेले तपकिरी, सहा पायांचे, मागे तीन पानांसारख्या शेपट्या असलेले इवलेसे किडे असत.

“हे तिचे पोट्टे. वरची उडते तिले पाहून लोक खूश होते. घर इथी हाय, खाली. घान पान्यात हे दोन दिस बी टिकत नाई.”

दगड परत ठेवताना ज्या बाजूने उचलला त्याच बाजूने, त्याच खळग्यात ठेवी. मी एकदा घाईत उलटा ठेवला, तर त्याने मला अर्ध्या वाटेवरून परत आणले.

मोठे झालेले पोर पाण्याबाहेर दगडावर चढते, पाठ उकलते, आतून टाचणी निघून जाते आणि दगडावर तिची कात राहते. कोरडी, पोकळ, फुंकर मारली तर उडेल अशी. आवजी रोज सकाळी आधी काती पाहायचा, मग टाचण्या. हे मी तेव्हाच पाहिले होते. लिहून घेतले नव्हते, पण पाहिले होते.

त्याची बायको सारजाबाई त्याच्या अर्ध्या उंचीची आणि दुप्पट बोलणारी. मला भाकर वाढताना तिने पुतण्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली. वऱ्हाड अंजनगावाकडच्या एका गावात गेले होते. पंगतीआधी आवजी तळे पाहून आला. तळ्यावर नुसत्या निळ्या. हा पंगतीला बसला, पुरणपोळ्या जेवला आणि पाण्याच्या लोट्याला हात लावीना. उचकी लागली. पंगतभर उचकी. मुलीचा बाप लाल झाला, “आमच्या हातचं पानी चालत नाई का तुमाले?” सोयरिकीत पाणी नाकारणे म्हणजे काय, हे सांगायला नको. सगळी पंगत हात थांबवून बसली. आवजी उचक्यांमधून म्हणाला, “तुमचा हात चालते बाप्पा. तुमचं तळं चालत नाई.”

“मंग मीच उठली,” सारजाबाई म्हणाली, “लोटा घेतला अन् साऱ्याइच्या समोर गटागटा प्याली. लगन तं झालं पायजे नं! याचं का जाते? दोन दिस पोट धरून बसली, पन सून घरी आली.”

“बसली असती अजून चार दिस,” आवजी भिंतीकडे पाहत म्हणाला, “अक्कल आली असती.”

“आयका! याले सुया लागते पानी प्याले. मले माणसं लागते.”

यावर आवजी हसला नाही. पण तिने दिलेला ताकाचा वाडगा त्याने दोन्ही हातांनी घेतला.

एकदा मी त्याला दुखावले. ठेकेदाराला दाखवायला नमुना असावा म्हणून एक लाल टाचणी पकडून मी वहीच्या पानांत दाबून ठेवली. दुपारी उघडून पाहिले तर लाल तपकिरी झाले होते आणि संध्याकाळपर्यंत काळे. आवजीने ते पान पाहिले. मला वाटले आता बह्याड म्हणेल. तो म्हणाला, “आता रंग कोनता लिवता?” आणि पुढचे दोन दिवस तो माझ्याशी बोललाच नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच हाक मारली आणि वरच्या डोहाच्या तोंडाशी नेले. पाण्यात बुडालेल्या उंबराच्या मुळीवर एक मादी बसली होती, कुंकवाचा थेंबही अंगावर नसलेली, साधी. ती मुळीवरून उतरत पाण्यात गेली. पाय, शेपूट, पंख, डोके, सगळी पाण्याखाली. अंगाभोवती हवेचा चांदीसारखा पातळ थर. आत ती मुळीला अंडी टोचत होती.

“बुडेल की,” मी म्हणालो.

“पाहा.”

मी श्वास धरून पाहिले आणि माझा श्वास तीनदा संपला. शेवटी ती वर आली, मुळीवर बसून पंख झटकले आणि उडाली.

“एवढं करते तवा एक बसते,” आवजी म्हणाला. “अन् तुमी वहीत घालता.”

कार्तिक लागला तसा ठेकेदार स्वतः आला. हसतमुख, सगळ्यांना नावाने हाक मारणारा माणूस. त्याने आता दोराचेही काम घेतले होते. कापसाच्या गाठी बांधायला अकोल्या-अमरावतीला दोर पुरत नव्हता. दोर अंबाडीचा. अंबाडीच्या कापलेल्या पेंढ्या पंधरा-वीस दिवस पाण्यात दाबून कुजवाव्या लागतात, तेव्हा कुठे साल सुटते. बार्शीटाकळीकडून, भातकुलीकडून गाड्या भरून अंबाडी निघाली होती, पण तिकडे कुजवायला पाणी कुठले? पाणी उंबरझिरीला होते. आणि पेंढ्या बुडवायला खोल जागा एकच, वरचा डोह. गाव त्या डोहाच्या खाली होते आणि गावात विहीर नव्हती.

अंबाडी कुजलेले पाणी ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको. काळे होते, बुडबुडे येतात, वास कपड्यांतून जात नाही.

चावडीत सगळा गाव जमला. गावाला काम हवे होते. साल सोलायला बाया लागणार, पेंढ्या वाहायला माणसे. पाटलालाही ते हवे होते. एकटा आवजी उभा राहिला.

“डोहात अंबाडी घातली तं गाव प्यायीन का?”

“वाहतं पानी हाय बे आवजी,” पाटील म्हणाला. “घान वाहून जाते.”

“वाहून कुटी जाते? माया दारातून जाते.”

ठेकेदार हसला. “आवजीबुवा, तुमचाच नियम धरू. तुमची लाल टाचणी बसते तोवर पाणी चांगलं, असंच ना? मग आधी पन्नासच पेंढ्या घालू. बारा दिवस पाहू. टाचण्या गेल्या तर मी अंबाडी काढून नेतो, एक शब्द बोलणार नाही. राहिल्या तर तुम्ही बोलायचं नाही. दिवाणजी रोज मोजतील. लिहून ठेवू, म्हणजे कोणाचीच तक्रार नको.”

लोकांना ते पटले. इतके न्यायाचे कोणाला पटणार नाही? आवजी म्हणाला, “कात बी पाहा लागन. बसनाऱ्या पाहून चालत नाई. नवीन निघते का नाई ते पाहा लागन.”

“पाहू, पाहू,” ठेकेदार म्हणाला. “दिवाणजी, लिहा.”

मी तिथेच कागद आखला. तिथी, वेळ, डोहाशी लाल किती, घाटाशी लाल किती, पाण्याचा रंग, शेरा. सहा रकाने. वरती करार लिहिला, ‘बारा दिवस रोज सकाळी ऊन आल्यावर दगडांवर बसलेल्या लाल टाचण्या मोजाव्या.’ खाली आवजीचा अंगठा घेतला. कातींचा रकाना मी आखला नाही. कोणी घालू नको म्हटले नव्हते. कागद भरून गेला होता आणि कागद सरळ, स्वच्छ दिसत होता.

पेंढ्या डोहात पडल्या. त्या तरंगू नयेत म्हणून वर दगड ठेवावे लागतात. माणसांनी दगड आणले ते नाल्यातलेच. आवजी काठावर उभा राहून प्रत्येक दगड उचलताना पाहत होता. एकाने विचारले, “काहून पाहून राह्यला बे बुढ्या? तुये सुया काय दगडाखाली झोपल्या हायेत?” तो म्हणाला, “हो.” सगळे हसले.

मी रोज मोजत होतो. मोजण्यात कसूर केली नाही. पहिल्या दिवशी घाटाशी अकरा. तिसऱ्या दिवशी बारा. मग नऊ, मग तेरा. डोहाशी आकडा घटत होता, पण गाव पाणी भरायचे ते घाटाशी, म्हणून सगळे घाटाचाच आकडा विचारत. डोहाकडच्या टाचण्या दगड गेले म्हणून खाली घाटाकडे येत होत्या, हे मला तेव्हा सुचले नाही. पाचव्या दिवसापासून आवजी माझ्या शेजारी बसून रोज तेच सांगायचा, “आज बी कात नाई. एक बी नाई. लिवा.” मी मान हलवायचो. शेऱ्याचा रकाना होता. त्यात ते सहज लिहिता आले असते. पण शेरा कराराच्या बाहेर जाऊ नये, असे मला वाटले. बाराही दिवस मी तिथे ‘विशेष काही नाही’ असे लिहिले.

आठव्या दिवशी पाण्याला रंग आला. फिकट, चहासारखा. तो मी लिहिला. दहाव्या दिवशी आवजीने मला घाटाखालचा दगड उचलून दाखवला. खालची बाजू पुसल्यासारखी मोकळी होती. “पोट्टे मेले,” तो म्हणाला. “हे वर बसले ते बुढे हायेत. हे हायेत तोवर बसतीन. मंग?”

“करारात दगडाखालचं नाही, आवजी,” मी म्हणालो. मला वाटले मी त्याला मदत करतो आहे, आधीच सावध करतो आहे.

बाराव्या दिवशी चावडीत मी कागद वाचला. घाटाशी लाल, सतरा. तितक्या कधीच मोजल्या नव्हत्या.

हशा उसळला. कोणीतरी ओरडले, “आवजीच्याच सुयाइनं आवजीले टोचलं!” ठेकेदार हसला नाही. तो उठून आवजीजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “तुमच्यामुळे मला खात्री पटली. आता निर्धास्त घालतो.”

आवजी माझ्याकडे पाहत होता. कातीचे मी सांगेन असे त्याला वाटत असावे. मी कागदाची घडी घालत होतो.

पुढच्या आठवड्यात चाळीस गाड्या आल्या.

नंतरचे थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच घडले. मार्गशीर्षात नाला काळा झाला. मासे पोट वर करून घाटाला लागले. दगडांवर एकही टाचणी नव्हती, निळीसुद्धा नाही. तळ मी एका दिवसात हलवला, दुसऱ्या नाल्यावर, आणि ती जागा आवजीने सांगितलेल्या खुणांवरूनच निवडली. गावाला हलता येत नव्हते. लोकांनी काठाच्या वाळूत झिरे खणले आणि त्यांतले गढूळ पाणी गाळून प्याले. मग घरोघर हगवण लागली.

आवजी डोहाच्या वर, डोंगरात दीड कोस जाऊन रोज दोन घागरी आणत होता. पाणी आणताना तो कोणाशी बोलत नसे. घरी सारजाबाईच्या दाराशी बाया यायच्या, कुणाचे लेकरू, कुणाची सासू. ती घागर ओतून द्यायची. त्याला कळू नये म्हणून घागरीत झिऱ्याचे पाणी भरून ठेवायची आणि वरचे स्वच्छ पाणी तेवढे त्याच्या लोट्यात. स्वतः झिऱ्याचे प्यायची. चौथ्या दिवशी ती गेली. ती पाणी बदलत होती हे आवजीला शेजारणीने सांगितले, तेही तिचे दिवस झाल्यावर.

गावात अकरा माणसे गेली. ठेकेदाराचा दोर वेळेवर पोचला. त्याची अंबाडी पुढच्या सालात दुसऱ्या नाल्यावर गेली. आणि गावात कोणी ठेकेदाराला बोलले नाही. पाटलालाही नाही, मलाही नाही. अंगठा आवजीचा होता. “त्यानंच कागद केला,” लोक म्हणू लागले. “बारा दिस शायना बनून बसला होता काठावर. त्याले माहीत नवतं?” घाटावर कोणी त्याला काही विचारेनासे झाले. ज्या पुतण्याच्या लग्नात सारजाबाई ते तळ्याचे पाणी प्याली होती, त्याच्या बायकोने आवजीच्या ताटात भाकर टाकताना हात लांबून धरला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मी हिशेबाच्या वस्तू न्यायला परत गेलो होतो. आवजीने भाकर घेतली नाही. नाल्याकडेही गेला नाही. ओसरीवर पाय खाली सोडून बसला होता आणि त्याची पावले पहिल्यांदाच कोरडी, भेगाळलेली दिसत होती.

मी त्याच्यापुढे काही वेळ उभा राहिलो. बोलायचे होते त्याची मनात यादी केली होती. त्यातले एकही कलम बोललो नाही.

दोन सालांनी तो मला अकोल्याला दिसला. दुपारची वेळ. कापसाच्या गाड्या बाजाराबाहेर रांगेने उभ्या होत्या, बैल सोडलेले, गाडीवान गाड्यांच्या सावलीत. एक म्हातारा पखाल लावलेल्या बैलाबरोबर रांगेतून चालत होता आणि ओंजळीत धार सोडत होता. मुंडासे तेच होते. पायात कोणाच्या तरी जुन्या वहाणा होत्या. मी गाड्यांचे नंबर टिपत होतो, टिपायचा थांबलो.

तो माझ्यापर्यंत आला. ओळखले की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मी ओंजळ धरली, त्याने धार धरली. पाणी खारट होते, माझ्या गावच्यासारखे. मी प्यालो.

“आवजी,” मी म्हणालो.

“हो दिवानजी. मी तव्हाच ओयखलं, तुमी लिवून राह्यले होते तव्हा.” त्याने पखालीचे तोंड मुठीत दाबून धरले. “एक इचाराचं होतं. मले वाचता येत नाई. त्या कागदावर कातीचं लिवलं होतं का नवतं?”

“नव्हतं.”

“मी तं बोललो होतो. चावडीत.”

“बोलला होतात.”

“मंग ठेकेदारानं नको म्हनलं?”

“नाही.”

“पाटलानं?”

“नाही. कोणीच नाही म्हटलं.” माझ्या हातातला कागद मी उगाच खालीवर केला. “सहा रकाने झाले होते. सातव्याला जागा नव्हती.”

हे खरे होते आणि खोटे होते. शेऱ्याच्या रकान्याबद्दल मी काही बोललो नाही.

तो माझ्याकडे पाहत राहिला. राग नव्हता, रागाची मी वाट पाहत होतो. दोन सालांत त्याने गावातल्या एकेका माणसाला मनात धरून पाहिले असणार, कोणी केले असेल म्हणून. आणि उत्तर इतके लहान निघाले होते की ते ठेवावे कुठे, हे त्याला कळत नसावे.

“जागा नवती,” तो म्हणाला.

“नाही.”

“मले वाटलं, माया हातून सांगाचं राह्यलं असन. सारजाले बी मी तसंच सांगतलं होतं. माईच चूक झाली म्हनलं.”

पुढच्या गाडीखालून कोणीतरी ओरडले, “ए पानीवाले, इकडे ये नं बे!” त्याने मूठ सैल केली, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि मला ओलांडून पुढे गेला. रांग लांब होती. तो ओरडत चालला होता, “पानी घ्या, पानी. कोन राह्यलं?”